आराखड्याआधीचा नकाशा



शहराचा विकास आराखडा करताना निसर्गाच्या जाणकाराला विचारायचे कधी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विचारायचे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कायद्यांनी आणि न्यायालयांनी तो निकालात काढला आहे. तरीही आपल्याकडे परिसरतज्ज्ञाला बोलावणे जाते ते रस्त्याची आखणी ठरल्यावर, निविदा निघाल्यावर, बहुधा कोणीतरी याचिका दाखल केल्यावर. मग त्याला विचारतात, या जागेत काही दुर्मीळ आहे का, आणि असल्यास ते दुसरीकडे हलवता येईल का? लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर कुंडल्या जुळतात का हे विचारण्यातला हा प्रकार आहे. उत्तर काहीही आले तरी मांडव मोडत नाही. माझे म्हणणे असे, की परिसरतज्ज्ञाने बसायला हवे ते आराखड्याच्या अगदी पहिल्या पाहणीत, नगररचनाकाराच्या शेजारी. तिथे त्याने टिकायचे तर स्थानिक संस्थेत त्याचे कायम पद हवे, त्याचे मत लेखी हवे, आणि ते लोकांना वाचायला मिळायला हवे.

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण तिच्यात कमतरता कमी आणि दुर्लक्ष जास्त आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण ही कामे नोंदलेली आहेत. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाची सद्यःस्थिती सांगणारा अहवाल महापालिकेपुढे ठेवावा, असे महाराष्ट्राचा महानगरपालिका अधिनियम सांगतो. २००२च्या जैवविविधता कायद्याचे कलम ४१ प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला लावते. आणि १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीवर नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकार नेमण्याची तरतूद आहे. पण ही तरतूद कुठल्या टप्प्यावर लागू होते ते पाहा. कलम २३ नुसार आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ नुसार जमिनीची पाहणी होऊन विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो. कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, आणि त्यानंतर कलम २८ मधली समिती बसते. म्हणजे जाणकार येतो तोवर कागदावर रेघा पडलेल्या असतात, आणि रेघ एकदा पडली की तिला बाजारभाव येतो. निवासी विभागात दाखवलेली जमीन पुन्हा हिरवी करा असे म्हणणे म्हणजे कोणाच्या तरी हातची मालमत्ता काढून घेणे ठरते. पाहणीच्या वेळी हेच म्हणणे नुसती एक नोंद ठरले असते. तज्ज्ञ तोच, ज्ञानही तेच. पण उशिरा आल्यामुळे तो विकासविरोधी ठरतो.

आता या पहिल्या नकाशात काय असते आणि काय नसते ते बघू. त्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक, सार्वजनिक, शेती आणि रिकामी असे जमिनीच्या वापराचे रंग असतात. महसुली नोंदींमध्ये त्याच्या जोडीला पडीक, गायरान, पोटखराबा ही वर्गवारी असते. सगळी वर्गवारी माणूस त्या जमिनीचे काय करतो यावर बेतलेली आहे; ती जमीन स्वतः काय करते याला रकाना नाही. कोकणातले सडे घ्या. जांभ्या दगडाची ही विस्तीर्ण पठारे सातबारावर बहुधा पोटखराबा म्हणून बसतात. मार्च-एप्रिलमध्ये तिथे गेलात तर करड्या-काळ्या कातळाशिवाय काही दिसणार नाही. जून-जुलैपासून त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठते, चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या वनस्पतींची वस्ती होते, बेडूक येतात, आणि जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला, विहिरीला मिळते. साताऱ्याचे कास पठार याच जातीचे. त्याला २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले त्याचे असंख्य भाऊबंद महसूल दप्तरात खराबाच राहिले. पुण्याच्या टेकड्यांवरची कंदीलपुष्पे पावसाळ्यात काही आठवडे जमिनीवर दिसतात; उरलेले वर्ष त्यांचा कंद मातीखाली झोपलेला असतो. उन्हाळ्यात कोणी प्रामाणिकपणे पाहणी केली तरी तो प्रामाणिकपणेच लिहील, की इथे काही नाही. म्हणून पाहणी कोणत्या महिन्यात झाली, हा प्रश्न मला पाहणी कोणी केली यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आपल्या जमीनवापराच्या नकाशांवर त्याचे उत्तर शोधून सापडत नाही.

ऋतूचे जे, तेच भरती-ओहोटीचे. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. हा चिखल मोलाचा आहे हे शासनाने ओळखले, २०१५ साली सुमारे १,६९० हेक्टरांचे अभयारण्य जाहीर केले, आणि २०२२ साली ते पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेले. पण भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. ती त्यांना नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागांवर मिळते, आणि या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. नियोजनाच्या दृष्टीने त्या बांधण्याजोग्या मोकळ्या जमिनी होत्या. तिथे गोल्फचे मैदान आणि घरे बांधण्याच्या योजनेवरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथल्याच एका तळ्यात भरतीचे पाणी शिरण्याच्या वाटा बुजल्यावर तळे सुकले आणि पक्ष्यांची जागा गेली. दिवसातले सहा तास सांभाळायचे आणि पुढचे सहा तास विकून टाकायचे, असा हा हिशेब झाला. असा हिशेब कोणी दुष्टपणे केला असे मला म्हणायचे नाही. रेषा आखणाऱ्याच्या शेजारी भरतीचे वेळापत्रक ठाऊक असलेला माणूस नव्हता, एवढेच त्यातून दिसते.

जे ज्ञान रेषेच्या रूपात नकाशावर उतरते त्याला आपली व्यवस्था मान देते, हे पूररेषेच्या उदाहरणाने कळते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषांवरून भांडणे होतात, त्या सरकवण्याचे प्रयत्न होतात, सगळे खरे. पण बांधकाम परवानगी मागणाऱ्याला त्यांची दखल घ्यावीच लागते. जलसंपदा विभागाच्या अभियंत्याला कोणी भावनाप्रधान म्हणत नाही. ओढ्यांच्या नशिबी मात्र हा मान फारसा आला नाही, कारण पूररेषांची चर्चा मुख्यतः नदीपुरती राहिली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. पुणे परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसे गेली. ओढ्याचे पात्र, काठची झाडी, वरच्या टेकडीवरचे गवत आणि त्याखालचा सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्ट ही एकच यंत्रणा आहे. टेकडीवर पाणी किती मुरते यावर खाली ते किती वेगाने येते हे ठरते. म्हणून परिसरतज्ज्ञाच्या सल्ल्याला फुलपाखरांचा शौक समजणाऱ्यांनी त्याच्याकडे पाणी अडवणाऱ्या, जिरवणाऱ्या जमिनींचा नकाशा मागावा.

यावर कोणी म्हणेल, की वृक्ष प्राधिकरणावर तज्ज्ञ असतातच. मुंबईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०१८ साली मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्याला निर्णय घेण्यापासून रोखले. मग तज्ज्ञ नेमले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये आरेतल्या मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. तो मंजूर झाला, आणि त्यानंतर काही तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. यातून तज्ज्ञ नेमून उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला दुसरेच दिसते. त्या तज्ज्ञांना विचारलेला प्रश्न झाडांच्या संख्येचा होता. कारशेड तिथे असावी का, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता. समितीत एक मत देणे आणि नियोजनाला सल्ला देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले देऊन दुसऱ्याची भरपाई होत नाही.

झाडे मोजण्याच्या या सवयीने आणखी एक गोंधळ केला आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात एखादे झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात, आणि ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. हेतू उत्तम आहे. पण ही हजारो रोपे लावायची कुठे? जिथे झाडे नाहीत तिथे, म्हणजे गवताळ माळावर, टेकडीच्या उतारावर, सड्यावर. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी लावलेला गिरिपुष्प आज इतका पसरला आहे की त्याच्या सावलीत मूळचे गवत आणि पावसाळी वनस्पती मागे हटल्या. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे हे झाड, वाढायला सोपे, गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून लावले गेले. वृक्षगणनेत त्याने आकडा वाढवला. चंडोलासारख्या माळावर घरटे करणाऱ्या पक्ष्याला त्या आकड्याचा उपयोग नाही. माळ हा झाडे लावायची वाट बघणारा रिकामा प्लॉट नाही, हे पालिकेच्या सभागृहात सांगणारा कोणी पगारी माणूस आज नाही. उद्यान अधीक्षक आहेत, आणि त्यांचे काम उद्यानांचे आहे.

आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप लोकशाहीचा: परिसरतज्ज्ञाला कोणी निवडून दिले? कोणी नाही, आणि म्हणूनच निर्णय त्याच्या हाती नको. नगर अभियंता आणि आरोग्य अधिकारीही निवडून आलेले नसतात. ते सांगतात आणि सभागृह ठरवते. सभागृहाने परिसरतज्ज्ञाचा सल्ला फेटाळावा, तो अधिकार सभागृहाचाच आहे. फक्त का फेटाळला हे ठरावात लिहावे. एवढी एक अट आली तरी पुष्कळ फरक पडेल असे मला वाटते. दुसरा आक्षेप घरांचा. लोक शहरात येणार, त्यांना घरे लागणार, आणि तुम्ही पक्ष्यांसाठी जमीन अडवता. हा आक्षेप गंभीर आहे, कारण घराची किंमत गरिबाला सर्वांत आधी भोवते. पण विलंबाचा हिशेब मांडून बघा. आरेची कारशेड २०२० साली कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ साली ती परत आरेत आली. जागेचा प्रश्न आखणीच्या वेळी उघडपणे सुटला असता तर ही दोन वर्षे वाचली असती. उशिरा आलेले ज्ञान महाग पडते, आणि त्याचे बिल घर किंवा मेट्रो मागणाराच भरतो.

तिसरा आक्षेप मात्र मी सहज बाजूला सारू शकत नाही. तो जमीनमालकाचा आहे. १९९७ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण आले. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर, त्यातले बरेचसे खासगी. चार टक्के बांधकाम द्यावे की अजिबात देऊ नये यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर २०१५ साली शासनाने बांधकाम नाकारले आणि मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. दहा गुंठे जमीन असलेल्याला हे जवळपास ८१ चौरस मीटर होतात, आणि रस्त्याच्या किंवा शाळेच्या आरक्षणात जमीन गेलेल्या त्याच्या शेजाऱ्याला त्याच्या कितीतरी पट मिळतात. त्यामुळे जमिनी ताब्यात फारशा आल्या नाहीत. मालकाने ना विकली, ना जपली. काही ठिकाणी गुंठेवारी झाली, पत्रे उभे राहिले, आणि आरक्षण कागदावर हिरवे व उतारावर करडे झाले. टेकडीचा फायदा साऱ्या शहराला आणि तिचा बोजा मोजक्या सातबारांवर, हा अन्याय आहे, आणि टेकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच तो सर्वांत मोठ्याने सांगायला हवा होता.

पण या अन्यायाचे मूळ जास्त शास्त्र ऐकण्यात नसून कमी ऐकण्यात आहे. ९७८ हेक्टर एकाच रंगाने रंगवले गेले. कुठला उतार खालच्या झऱ्यांना पाणी पुरवतो, कुठे मूळचे गवत टिकून आहे, कुठे दगडखाणीने डोंगर आधीच पोखरला आहे, कुठे वस्ती होऊन गेली आहे, हा भेद नकाशावर असता तर अग्रक्रम लावता आला असता: अत्यंत मोलाचे तुकडे पूर्ण बाजारभावाने आधी विकत घ्या, बाकीच्यांना मोबदल्याचे वेगळे गणित लावा. मर्यादित पैसा कुठे लावायचा हे सांगणे, हेच तर सल्लागाराचे काम. प्रतवारी केली की पळवाटा फुटतात, आज ‘कमी मोलाचा’ ठरवलेला उतार उद्या इमारतींखाली जाईल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते, आणि ती निराधार नाही. म्हणूनच प्रतवारीची वेळ निर्णायक आहे. ती दावे उभे राहण्याआधी, उघड कागदपत्रांवर झाली तर ते शास्त्र. दबाव आल्यानंतर झाली तर ती सवलत. २०२५ साली राज्य सरकारने टेकड्यांच्या आणि बीडीपीच्या धोरणाच्या फेरविचारासाठी अभ्यासगट नेमला. आराखड्याच्या पाहणीत व्हायचे काम दोन तपांहून अधिक काळाने होत आहे. त्याच्या निष्कर्षांवर कोणत्याच बाजूचा विश्वास बसणे कठीण आहे.

चौथा आक्षेप खर्चाचा, आणि त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल सल्लागार कंपन्या करतात, मग वेगळे पद कशाला? कारण त्या सल्लागाराचे पैसे प्रकल्प करणारा देतो, आणि पालिकेत तो अहवाल वाचून त्यातले काय सुटले आहे हे सांगणारा कोणी नसतो. इंग्लंडने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या विकासकामांना, त्याच एप्रिलपासून लहान कामांनाही, जागेवरच्या जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवून ती ३० वर्षे टिकवण्याचे बंधन घातले. ती पद्धत आपण जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. गुणांकात बसवलेला निसर्ग कागदावर पटकन वाढतो. पण तिथल्या स्थानिक संस्थांपुढची अडचण आपल्या कामाची आहे. नियम झाला तरी तपासायला पुरेसे परिसरतज्ज्ञ पदांवर नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे. आपल्या राज्यात २९ महानगरपालिका आहेत. २९ पगार हा कुठल्याही अंदाजपत्रकात दिसणारा आकडा नाही. लहान नगरपालिका आणि ग्रामपंचायतींसाठी जिल्हा पातळीवर दोन-तीन माणसांचा गट पुरेल. माणसे कुठून आणायची असे विचारू नका. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापली, तिथून आणि आपल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेली माणसे आहेत. त्यांना अर्ज करायला जाहिरातच निघत नाही.

शेवटी, हाताशी असलेल्या साधनाबद्दल. लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळांसारख्यांनी मांडली ती गावाने आपले ज्ञान आपल्या शब्दांत लिहून ठेवावे म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली राज्यांना ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली, चुकल्यास दरमहा १० लाख रुपये भरायला सांगितले, आणि देशभर नोंदवह्यांचा पाऊस पडला. घाईत झालेल्या या नोंदवह्या सहसा प्रजातींच्या याद्या आहेत. त्यातली नोंद सर्व्हे नंबरला जोडलेली नसते, त्यामुळे नगररचनाकाराला ती वापरता येत नाही. जोडली तर काय होते ते आंबोलीत दिसले. हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीला नदीचेच नाव मिळाले, आणि २०२१ साली तेवढी दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. जागा नेमकी ठाऊक होती, माहिती आधी गोळा झाली होती, गावाची श्रद्धा आड आली नाही, उलट उपयोगी पडली. कोणाला कोर्टात जावे लागले नाही.

तेव्हा आपापल्या शहराचा किंवा गावाचा आराखडा पुढच्या वेळी हाती घेतला जाईल, तेव्हा प्रारूप प्रसिद्ध होण्याची वाट पाहू नका. कलम २३ खालची इराद्याची सूचना वर्तमानपत्रात आली की त्याच आठवड्यात लेखी मागणी करा: जमीनवापराच्या पाहणीसोबत ओढे, झरे, सडे, माळ आणि पाणथळ जागांची पावसाळ्यातली व उन्हाळ्यातली अशी दोन्ही पाहणी व्हावी, ती सर्व्हे नंबरनिहाय प्रसिद्ध व्हावी, आणि तिच्यावर पालिकेच्या सेवेतल्या परिसरतज्ज्ञाची सही असावी. असे पद आमच्याकडे नाही, असे उत्तर मिळाले तर ते उत्तर घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा.